कळसूबाईला दाखवायला नेलेली मुलगी

कळसूबाईला मी एकदाच गेले. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. लोक तिथे फोटो काढायला जातात, कुणी नवस फेडायला जातं, कुणी नुसतंच आपले गुडघे किती टिकतात ते बघायला जातं. मी गेले होते दाखवून घ्यायला. लोकांचे कांदेपोहे घरात होतात, फार तर देवळात होतात. माझे सोळाशे मीटरवर झाले. आजही ऑफिसात कुणी म्हणालं की चला, या वेळी कळसूबाई करू या, की माझं डोकं फिरतं. मी म्हणते, जा बाबांनो, छान आहे, वरून धरणाचं पाणी दिसतं म्हणतात. मला ते दिसलं होतं की नाही, देव जाणे.

नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. वडील फॅक्टरीत, आई घरी. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला होते, चलनं बनवायचे. तो त्याच कंपनीत क्वालिटीला होता. राहायला बदलापूरला, बेलवलीत. घरचे मूळचे देशावरचे, अकोले तालुक्यातले मराठा शेतकरी. आमचं जमलं कसं ते रंगवून सांगण्यासारखं काही नाही. माल रिजेक्ट होऊन परत आला की आम्ही दोघं तावातावाने भांडायचो, आणि एक दिवस भांडण संपलं तरी तो माझ्या टेबलापासून हलला नाही. एवढंच.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, आणि टोपली चांगली होती म्हणून ती तेवढी परत आणली, असं आजी हसून सांगायची. माझं आडनाव असं की ते मराठ्यांतही सापडतं आणि आमच्यातही. कंपनीत अर्ध्या लोकांना मी कोण ते चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पांढऱ्या साडीत दिसले तेव्हा कळलं. त्यानंतर दोघीजणी माझ्या डब्यातली भाजी घ्यायच्या थांबल्या. भाजी तीच होती, आई तीच होती. असो. त्याला मात्र पहिल्यापासून माहीत होतं आणि तो माझा डबा सगळ्यांसमोर बोटं चाटून खायचा. त्या बोटं चाटण्यावरच मी भाळले असं आता वाटतं. माणूस चारचौघांत जेवला म्हणजे चारचौघांत बोलेलही, असं मी धरून चालले. काय डोंबलाची अक्कल होती मला.

घरी माझ्यासाठी कुर्ल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं बरी. वडिलांनी त्यांना काही ना काही सांगून थांबवून धरलं होतं, पण आता येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आईला मी त्याच्याबद्दल सांगून टाकलं. आई ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, त्याच्या घरून एक माणूस आपल्या दारात येऊ दे. फार नको, एकच. मग तुझ्या बापाशी मी बोलते. म्हणजे माझं सगळं त्या एका माणसावर येऊन थांबलं होतं, आणि हातात दोन आठवडेही धड नव्हते.

तो एक माणूस म्हणजे त्याची मोठी बहीण. वडील लहानपणीच गेलेले, घर ताईने सावरलेलं, आई ताईच्या शब्दाबाहेर नाही. ताईचं सासरही बेलवलीतच होतं. ती दरवर्षी दिवाळीनंतर कळसूबाईची ओटी भरायला जायची, कारण ती त्यांच्या मुलखातली देवी. आणि त्यांच्या घरात असा रिवाज होता की सून म्हणून जी यायची असेल ती आधी कळसूबाईच्या पायावर घालायची, मग बाकीची बोलणी. त्याने ताईला सांगितलं की एक मुलगी आहे, कंपनीतली, या वेळी तिला आणतो. ताई म्हणाली, आण. एवढं सरळ झालं म्हणून तो केवढा खुशीत होता.

फक्त मी कोण ते त्याने सांगितलं नव्हतं. त्याचं म्हणणं, आधी तू ताईला पसंत पड, एकदा तिचा जीव जडला की मग हळूहळू कानावर घालू. मी म्हटलं, म्हणजे माल आधी पाठवायचा आणि चलन मागाहून? असा माल नाक्यावर पकडतात, माहितीये ना? तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीत डिस्पॅच आणू नकोस. मग चार दिवस कॅन्टीनमध्ये त्याने माझी शिकवणी घेतली. आडनाव आहे तेच सांग, त्यावरून काही कळत नाही. गाव संगमनेरकडचं, तेही खरंच आहे. कुलदैवत विचारलं तर तुळजापूर सांग, ते कुणाचंही असू शकतं. मंगळवारचा उपवास करतेस म्हण. मी मान डोलावत होते. आतून मला माझीच चीड येत होती, पण पुढचा रविवारही दिसत होता. प्रेमात माणूस गाढव होतं म्हणतात, ते खोटं आहे. गाढव निदान लाथ तरी मारतं.

निघायच्या दिवशी आईने पहाटे चपात्या करून दिल्या आणि म्हणाली, तिथे देवीसमोर हात जोडलेस तर जोड, पण मला येऊन सांगू नकोस.

गाडी होती आमच्या एका मित्राची. तो सिंधी, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला. जीन्सवर लावायची लेबलं, खोक्यांवरचे स्टिकर असलं सगळं तो छापून द्यायचा, आमच्या कंपनीलाही द्यायचा. अंगाने अडीच माणसांएवढा. त्याला आमचं सगळं माहीत होतं. मला एरवी तो भाभी म्हणायचा. त्या दिवशी गाडीत बसताना मी डोळे वटारले तसा गपचूप मॅडम म्हणाला. बदलापूरला माझ्या त्याला आणि ताईला घेतलं, आणि कल्याणवरून नाशिक रस्त्याला लागलो.

ताई पस्तिशीची असेल. ठेंगणी, गोरी, केसांचा घट्ट अंबाडा, पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट शूज. उल्हासनगरहून होलसेलने ड्रेस मटेरियल आणायची आणि बेलवलीत हप्त्यांवर विकायची. त्यामुळे सिंधी मित्राशी तिचं लगेच जमलं. ते दोघं कसारा येईपर्यंत कटपीस आणि थानाच्या गप्पा मारत होते आणि ती त्याला सारखी टोचत होती. म्हणाली, तुमच्या कॅम्पात कापडात एवढं मारतात, तरी तुम्ही एवढे मोठे कसे झालात? तो हसला. मग घाटात म्हणाली की वर शिडी तुटली तर आमच्या देवीवर नाव येईल हो, तुम्ही खालीच बसा. तो तेही हसला. मी मागे बसून बघत होते. ताई माणसाला बोट लावून बघते, कापडाला लावते तसं, आणि कुठे विरलंय ते तिला लगेच कळतं. आता माझी पाळी येणार होती.

घोटीवरून वळून बारी गावात उतरलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. थंडीचे दिवस, शेतात भाताची कापणी उरकलेली. सिंधी मित्र पहिल्या शेताच्या बांधावरच म्हणाला, बस, हो गया दर्शन. त्याच्यावर सगळे तुटून पडले. तोसुद्धा, म्हणजे माझा तो, अगदी हिरीरीने. त्याच्या पोटाबद्दल, त्याच्या शूजबद्दल, त्याची बायको माहेरी का गेली त्याबद्दल. ताई हसत होती म्हणून हा बोलत होता. ताई हसायची थांबली की हाही थांबायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मीही हसत होते. त्या दिवशी ताईला हसू येईल त्याला मी हसणार होते.

मला ताईने शेतं संपेपर्यंत काही विचारलं नाही. नुसती मागून चालत माझी चाल बघत होती. मग म्हणाली, बारीक आहेस, पण दमत नाहीस. मी म्हटलं, सवय आहे, बुवापाड्यातून स्टेशनला चालतच जाते. लगेच पुढचा प्रश्न: बुवापाड्यात राहता होय? आवाजात काही नव्हतं, पण तिचे कान टवकारल्यासारखे वाटले. मी म्हटलं, वडिलांना तिथूनच फॅक्टरी जवळ पडते. हो का, म्हणाली. मग गाव विचारलं, ते सांगितलं. भाऊ किती, ते सांगितलं. शेती आहे का, म्हटलं थोडी आहे, चुलते बघतात. तेही खरंच. कुलदैवत विचारलं. मी तुळजापूर म्हणाले आणि माझ्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. ताई म्हणाली, अगंबाई, माझ्या मावससासूंचंही तेच. चला, एक पेपर सुटला.

मंगळवारचं तिने विचारलंच नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं मीच आपलं मध्येच सांगून टाकलं की मी मंगळवार करते. ताई म्हणाली, मी नाही बाई करत, मला ॲसिडिटी होते.

शिड्या आल्या आणि वेगळंच झालं. लोखंडी शिड्या, उभ्या, कड्याला चिकटवलेल्या. दरवर्षी येणारी बाई, पण तिला शिडीची भीती वाटायची. दरवर्षी म्हणे नवरा खालून पाय धरून चढवायचा, यंदा तो आला नव्हता. ती पहिल्या पायरीवर चढली आणि तिथेच थिजली. डोळे मिटून घेतलेले, हात गजाला असे घट्ट की बोटं पांढरी पडली. भाऊ वर चढून गेला होता, तो वरून ताई ये, ताई ये करत होता. मागे लोक खोळंबले, कुणीतरी बडबडायला लागलं. मी तिच्या मागे खाली उभी राहिले आणि तिची पावलं दोन्ही हातांनी धरली. म्हटलं, खाली बघू नका, वरही बघू नका, मी पाय ठेवते तिथे भार द्या. एकेक पाऊल मी उचलून पायरीवर ठेवलं. तिच्या बुटाची माती माझ्या तोंडावर पडत होती. अशी ती शिडी चढवली, पुढचीही चढवली. वर गेल्यावर ती खाली बसली आणि रडली. मग माझ्या तोंडावरची माती तिने आपल्या ओढणीने पुसली. ओढणी नवी होती.

त्यानंतर ताई माझा हात सोडेना. पुढचा चढ आम्ही दोघी हातात हात घालून चढलो आणि ती मला घरातलं सगळं सांगायला लागली. आईला साखर आहे. आई भांडी आपटते, पण मनाने वाईट नाही. हा लाडावलेला आहे, याला सकाळी उठवायचं म्हणजे युद्ध. स्वयंपाकघर लहान आहे, पण मागे न्हाणीघर काढायचं चाललंय. मी ऐकत होते आणि त्या स्वयंपाकघरात उभी राहून चहासुद्धा टाकून झाला होता माझा. मला ती बाई आवडायला लागली होती, खोटं कशाला बोलू. आज संध्याकाळी हिला खरं सांगायचं, आजच, आणि ही ऐकून घेईल, असं मला मनापासून वाटलं. मी ते त्याला हळूच सांगितलंही. त्याने फक्त अंगठा वर केला.

शिखराच्या थोडं खाली एक विहीर आहे. तिथे सगळे टेकले. सिंधी मित्र जीव गेल्यासारखा आडवा झाला, माझा तो दोर सोडून पाणी काढत होता. ताई माझ्या शेजारी दगडावर बसली, माझी बट कानामागे सारली आणि म्हणाली, "मला तू आवडलीस. मी आईला सांगणार. येत्या शनिवारी तुमच्याकडे येते मी."

शनिवारी. रविवारच्या आदल्या दिवशी. माझ्या आईच्या दारात एक माणूस. माझे डोळे भरून आले आणि मी वेड्यासारखी हसले.

ताई म्हणाली, आता एवढं एकच राहिलं, तुमचं देवक काय गं?

हे कॅन्टीनमध्ये झालं नव्हतं. देवक म्हणजे काय ते मला नीट माहीतसुद्धा नव्हतं. आमच्याकडे लग्न म्हणजे पांढरे कपडे, दोन फोटोंसमोर मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, झालं. पण मला एक गोष्ट आठवली. आदल्या वर्षी त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं आणि तो कंपनीत कोपर सोलून उशिरा आला होता. कळंबाच्या झाडावरून घसरला होता. कळंब आमचं देवक, लग्नाआधी त्याची फांदी आणायला लागते, असं त्याने मला सांगितलं होतं. त्याच्या कोपराला औषध मीच लावलं होतं. मी धरलं की देवक म्हणजे कुलदैवतासारखंच काहीतरी, जुळलं तर उलट चांगलंच. एका गावचं कुणी भेटलं की माणसाला कसा आनंद होतो, तसा हिला होईल.

मी ऐटीत म्हणाले, कळंब.

ताईचा हात माझ्या कानाजवळून खाली आला. तिने परत विचारलं. मी परत सांगितलं, अजून हसतच. म्हटलं, तुमचंही तेच ना? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं हिला चक्कर आली. तिने भावाला हाक मारली. तो पाण्याची कळशी घेऊन आला. ती म्हणाली, अरे, हिचं देवक कळंब आहे. एका देवकाची तुम्ही. भाऊ-बहीण लागता की रे.

तेव्हा मला कळलं. ज्यांचं देवक एक, ते एका रक्ताचे. त्यांच्यात लग्न होत नाही. ताईला राग नव्हता आला. तिला खरंच वाईट वाटत होतं, माझ्यासाठी, आणि तेच भयंकर होतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती की नशीब बघ, एवढी गुणाची पोर आणि नेमकी आपल्यातलीच निघाली.

सांगितलं तर आई मार खाते, नाही सांगितलं तर बाप कुत्रं खातो. मी खोटं धरून बसले तर त्याची बहीण होत होते, आणि खरं सांगितलं तर काय होत होते ते सांगायला नको. पण खरं सांगायला दोघं होतो ना आम्ही. मी त्याच्याकडे पाहिलं. आता बोल, असं मी डोळ्यांनी किती मोठ्याने म्हटलं ते त्या विहिरीलाही ऐकू गेलं असेल. सिंधी मित्र उठून बसला होता, तोही त्याच्याकडेच बघत होता.

त्याने कळशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मला कुठे माहीत होतं, ताई."

वाक्य खरं होतं. मी कळंब सांगणार हे त्याला कुठे माहीत होतं? तेवढं खरं पकडून तो त्याच्यामागे लपला. आणि मी त्याच्या चेहऱ्यावर काय पाहिलं ते सांगू? सुटका. शिकवणी सुरू झाल्यापासून ज्या प्रसंगाची त्याला धास्ती होती, तो न बोलता टळला होता. ताईला दुखवायला नको, मला नाही म्हणायला नको, आईची भांडी आपटायला नकोत. देवानेच सोडवलं. मेल्याचे खांदे खाली आले होते.

विहिरीवरून उठलो आणि वर निघालो. शेवटच्या शिडीला ताईने परत हात माझ्याकडेच केला, भावाकडे नाही. मी परत तिची पावलं धरली. धरली नसती तर बरं झालं असतं, पण बाई घाबरलेली होती आणि मागे दरी होती.

शिखरावर छोटंसं देऊळ आहे, एक माणूस वाकून आत मावेल एवढं. बाहेर थोडी मोकळी जागा आणि भणाण वारा. ताईने पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले, आत जाऊन ओटी भरली. मी बाहेर उभी होते. हात जोडले नाहीत. आईला सांगायचं नव्हतं म्हणून नाही, हात वर होईनात.

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या ताटात नाडा होता, पूजेचा लाल-पिवळा दोरा. तिने त्याचा हातभर तुकडा तोडला आणि माझ्यापुढे धरला. अगदी मायेने समजावल्यासारखं बोलत होती. तुम्ही दोघं अजाणता एकमेकांकडे तसल्या नजरेने पाहिलंत, त्यात तुमचा दोष नाही, पण देवीसमोर आहोत, मनात पाप घेऊन खाली उतरायला नको. राखी समजून त्याला बांध आणि मोकळी हो. वर म्हणाली, मलाही धाकटी बहीण मिळाली असं समजेन.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "ताई, कळंब तुमचं देवक आहे, माझं नाही. मला यानेच सांगितलं होतं, मी तुम्हाला खूश करायला म्हणून बोलले. आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात देवक नसतं. हा माझा भाऊबिऊ कुणी नाही. आमच्या लग्नाला देवकाची काही आडकाठी नाही."

एवढं बोलले आणि मला हलकं वाटलं. आता सगळं उघड्यावर होतं. ताई भावाची बहीण होती, दोन मिनिटांपूर्वी माझी व्हायला निघाली होती, मी तिचे पाय धरून तिला दोन-दोन वेळा वर आणलं होतं. आणि तो शेजारीच उभा होता. त्याने फक्त एवढं म्हणायचं होतं की हो, ही खरं बोलतेय. पुढचं मी बघून घेतलं असतं.

ताईने त्याला विचारलं, तुला हे ठाऊक होतं?

तो म्हणाला, "मलाही आत्ताच कळतंय."

सिंधी मित्राने तोंड उघडलं. अरे साईं, एवढंच म्हणाला, आणि माझ्या त्याने मित्राकडे असं पाहिलं की मित्र आमच्याकडे पाठ करून धरणाकडे बघायला लागला. कंपनीच्या लेबलांच्या ऑर्डरी क्वालिटीला बसून हाच पास करायचा. मित्रालाही घरदार होतं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या हातांकडे, ज्यांनी तिची पावलं धरली होती. मग तिने ओढणी सावरली. माझं तोंड पुसल्याचा मातीचा डाग होता ती बाजू आत मुडपली. ती चिडली नाही, आवाज चढवला नाही. कापड परत करताना गिऱ्हाईक जसं सभ्यपणे बोलतं तशी म्हणाली, "मग तर बांधच, बाई."

दोरा माझ्या हातात होता. त्याचा हात अजून तसाच पुढे होता. मी त्याच्या मनगटाभोवती पहिला वेढा घातला, सावकाश, म्हणजे त्याला हात ओढून घ्यायला सवड मिळावी. त्याने ओढला नाही. दुसरा वेढा त्याहून सावकाश घातला. वाऱ्याने दोऱ्याची टोकं उडत होती, मी ती गोळा करत होते आणि त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता, दोऱ्याकडे बघत होता. मी टोकं एकमेकांत अडकवली. गाठ काही केल्या बसेना, वाऱ्यात सारखी सैल पडत होती.

तेव्हा त्याने दुसऱ्या हाताचं बोट आणून गाठीवर दाबून धरलं, म्हणजे मला ती घट्ट बांधता येईल.